न्हाई समजलं

"चला पोरींनो, चुकूया!"

फळ्यावर गणित लिहून झालं की मावशी हाताचा खडू झटकायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि वर्गाकडे वळून हे म्हणायच्या. मग कुसगावच्या त्या चिमुरड्या पाटीवर अशा उत्साहाने चुका करायला लागायच्या, की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं आत गणित चाललंय की भोंडला. कुणाची वजाबाकी मूळ आकड्यापेक्षा मोठी यायची, कुणाची हातच्यासकट पाटीवरून खाली उतरायची. मावशी एकेक पाटी उचलून साऱ्यांना दाखवायच्या आणि म्हणायच्या, "ही बघा, ही चूक झ्याक हाय. ही कुटनं आली, सांगा बरं?"

परक्या माणसाला हे पाहून हसू यायचं. मलाही यायचं. पण मावशींना हे 'चुकूया' कुठे आणि कसं सापडलं ते मी जवळून पाहिलं आहे. तुमच्याही पाहण्यात नापास झालेली पुष्कळ माणसं असतील. नापास होण्याचं मावशींनी जे केलं ते मात्र मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलं नाही.

पुण्याहून ट्रेनिंग संपवून मी लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत लागले, तेव्हा घाटातल्या गाड्या नुकत्याच विजेवर चालायला लागल्या होत्या. मावशी त्या शाळेत आधीपासून होत्या. शिक्षिका म्हणून नव्हे. मुलींना घरोघरी जाऊन बोलावून आणायला त्या काळी शाळेत एक बाई ठेवलेली असायची, ती त्यांची नोकरी. लेकीला शाळेत पाठवायचं हे अजून पुष्कळांच्या अंगवळणी पडलं नव्हतं. दारात कुणी येऊन उभं राहिल्याशिवाय मुलगी घराबाहेर पडायची नाही.

मावशी दारात उभ्या राहायच्या नाहीत, त्या सरळ चुलीपाशी जायच्या. भाकरी थापणाऱ्या आईच्या हातातलं पीठ काढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मी थापते. तू तवर हिची येनी घाल." अशाने कुणाची आई नाही म्हणणार? पावसाळ्यात एका इरल्याखाली दोन-तीन पोरी घेऊन त्या शाळेच्या पायरीवर अवतरायच्या तेव्हा इरल्याला पुष्कळसे पाय फुटल्यासारखं दिसायचं.

मुली आणून झाल्या की त्या सातवीच्या वर्गाच्या दारात बसायच्या. तिथून सबंध शाळेवर लक्ष राहतं, असं त्यांचं म्हणणं. खरं कारण वेगळं होतं. बेडशाला माहेरी मुलांच्या शाळेत त्या दुसरीपर्यंत शिकल्या होत्या, मग लग्न झालं. पुढचं सगळं त्या आमच्या शाळेच्या दारात बसून, एका कानाने, वर्षानुवर्षं गोळा करत आल्या होत्या. चौथीच्या कविता त्यांना पाठ होत्या. धडा वाचताना एखादी मुलगी अडली की दारातून हळूच शब्द यायचा.

नवरा रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये होता. जुनी कोळशाची इंजिनं तिथे अजून होती, ती पुसायची, त्यांना तेलपाणी करायचं त्याचं काम. एकुलती लेक सोना, ती माझ्याच वर्गात. हुशार, अबोल, आणि आई दारात बसते म्हणून जरा अवघडलेली.

एक दिवस बाजारातल्या एका घरी मावशी मुलीला बोलवायला गेल्या. त्या मुलीची आजी ओसरीवर बसली होती. ती म्हणाली, "रोज येतेस गं नाचत. शिकून एवढं भलं होतं, तर तू का नाही शिकलीस?"

मावशी मुलीला घेऊन आल्या, तिला वर्गात बसवलं, आणि मधल्या सुट्टीत माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"बाई, म्हातारी बोलली ते काय खोटं न्हाई. मी सातवीच्या परीक्षेला बसू का?"

मी त्यांना मोठ्या बाईंकडे नेलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेस. कडक, पण मनाने मोकळ्या. त्यांनी चष्मा काढला, मावशींकडे पाहिलं, चष्मा घातला आणि पुन्हा पाहिलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "नापास झालात तर कुणी फाशी देत नाही. आणि पास झालात तर कुसगावला मुलींचा वर्ग काढायचं चाललंय. तिथे जायला कुणी मास्तरीण तयार होत नाही."

"मी जाईन की," मावशी म्हणाल्या. जणू काही त्या पास झाल्याच होत्या.

त्या वर्षी मावशी दारातून उठून वर्गात आल्या, शेवटच्या ओळीत, भिंतीला टेकून. मी शिकवत होते, मधूनमधून त्यांच्याकडे पाहत होते. "समजलं का मावशी?" "व्हय बाई, समजलं." "हे समजलं?" "व्हय." इतकी समजूतदार विद्यार्थिनी मला मिळाली नव्हती. मुली शंका काढायच्या. मावशी कधी नाही.

परीक्षा वडगावला. मायलेकी एकाच गाडीने गेल्या, एकाच झाडाखाली बसून दोघींनी भाकरी खाल्ली आणि दोन वेगवेगळ्या बाकांवर बसून पेपर लिहिले. निकाल लागला. सोना वरच्या मार्कांनी पास. मावशी गणितात आणि भूगोलात नापास.

शाळेत सगळ्यांना वाटलं, आता मावशी काही दिवस तोंड दाखवणार नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या गुळाची ढेप घेऊन हजर. "घ्या, घ्या. लेक पास झाली, म्या नापास झाले. दोन्हीचा गूळ एकच." मोठ्या बाईंनीही हसत खडा तोंडात टाकला.

भूगोलाच्या पेपरात काय झालं ते त्यांनीच सांगितलं. हिंदुस्थानातल्या मोठ्या नद्या विचारल्या होत्या. मावशींनी पवना आणि इंद्रायणी लिहिल्या.

"अहो मावशी, गंगा? गोदावरी?"

"त्या म्या कुटं बघितल्यात? पवना बघितलीय. श्रावणात या बेडशाला, मंग सांगा मोठी हाय का न्हाई."

आणि गणितात मजुरांचं उदाहरण होतं. अमुक मजूर भिंत इतक्या दिवसांत बांधतात, मजूर वाढवले तर किती दिवस लागतील? मावशींनी दिवस वाढवून ठेवले होते. मी ते समजावून सांगायला लागले. त्या मान डोलवत राहिल्या. "व्हय बाई. व्हय."

नवऱ्याने तर बायकोचं नापास होणं फारच हलकं घेतलं. तो म्हणाला, "आमच्या शेडात एक डायवर परीक्षेत दोन येळा उडाला व्हता. आता मेल गाडी चालवतोय. गाडीला म्हाईत बी न्हाई."

दुसऱ्या वर्षी मावशी पुन्हा बसल्या. भूगोल घोकला. गंगेपासून ब्रह्मपुत्रेपर्यंत सगळ्या नद्या त्यांनी मुलींना बोलावता बोलावता मोठ्याने म्हटल्या; बाजारातले दुकानदार त्यांना "आली गोदावरी!" म्हणून हाका मारायला लागले. त्या वर्षी त्या भूगोलात पास झाल्या आणि गणितात पहिल्यापेक्षा वाईट नापास झाल्या.

या वेळी गूळ आला नाही. मावशीही आल्या नाहीत.

शाळा उघडली तरी त्यांचा पत्ता नव्हता. मुलींना बोलवायला कुणी नसल्याने वर्ग अर्धा रिकामा. मी त्यांच्या घरी गेले तर सोना एकटी. आई माहेरी गेली म्हणाली. "परत कधी येणार?" सोनाने मान खाली घातली. "बाई, आई म्हनती आता हितं शाळेपुढनं जायला नको वाटतंय. ती लय रडली."

मावशी रडताना मला डोळ्यांपुढे आणता येईना. रविवारी मी सोनाला घेऊन निघाले. कामशेतला गाडीतून उतरलो, पुढे एका ओळखीच्या बैलगाडीने. लेण्यांच्या डोंगराखालच्या शेतात मावशी दिसल्या. भावाच्या रानात ढेकळं फोडत होत्या. लांबून पाहिलं तरी कळत होतं की भाताच्या पेरणीसाठी ढेकूळ इतकं बारीक करायची गरज नसते. त्या ढेकळांवर राग काढत होत्या.

मला पाहून त्यांनी काठी खाली ठेवली. "बाई, तुमी कशाला उनाचं आलात? माझं डोकंच दगडाचं. त्याला तुमी तरी काय करनार?"

मी काहीतरी धीराचं बोलणार, तेवढ्यात सोना बोलली. ती सहसा बोलायची नाही, म्हणून मी तिलाच बोलू दिलं.

"आये, तुझं डोकं दगडाचं न्हाई. तू बाईंना व्हय व्हय म्हनतीस आन् घरी आल्यावर मला इचारतीस, बाई काय म्हनल्या गं? मला तरी सगळं कुटं येतंय? मी आपली पाठ करून पास झाले. तू वर्गातच का न्हाई म्हनत, न्हाई समजलं म्हनून?"

मावशी धुळीतच बसल्या. बराच वेळ काठीने मातीत रेघा ओढत राहिल्या.

"पोरींम्होरं कसं म्हनू?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी त्यांना हाताला धरून आननारी. त्यांच्या आयांना सांगते, शाळेत घाला, सगळं समजतं म्हनून. अन् मीच उठून म्हनू, न्हाई समजलं? हसतील की."

"दोन वेळा नापास झालात तेव्हा कुणी हसलं?" मी विचारलं.

"व्हय. बाजारातली म्हातारी हसली."

"ती तर तुम्ही परीक्षेला बसायच्या आधीपासून हसतेय."

मावशींच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. मग त्यांनी मान वर केली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि नाव नोंदवताना बोलावं तसं स्वच्छ म्हणाल्या, "बाई, ते मजुराचं मला न्हाई समजलं. तवाबी न्हाई, आताबी न्हाई."

मी त्यांच्या समोर मातीत बसले. "हे शेत तुम्ही एकटीने फोडलं तर किती दिवस लागतील? आणि भावजया मदतीला आल्या तर?"

"तर जास्त लागतील."

"का?"

"का म्हंजे? म्या एकली गुमान काम करते. त्या आल्या की गप्पा. मग पानी प्यायला बसायचं. मग थोरलीचं आन् धाकटीचं भांडान. ते मिटवाय म्याच जायाचं. दिस वाढनारच की, बाई."

मला हसू आवरेना. सोनाही तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. मी म्हटलं, "मावशी, गणितातले मजूर गप्पा मारत नाहीत. भांडत नाहीत. पाणीसुद्धा पीत नाहीत. सगळे तुमच्यासारखे गुमान काम करतात, असं धरायचं असतं."

मावशी माझ्याकडे पाहतच राहिल्या. "असं व्हय? मग दिस कमी लागनार की!"

"तेच तर."

"मग पयलंच का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही पहिल्यांदा का नाही विचारलंत?"

मावशी उठल्या. त्यांनी काठी उचलली, उरलेल्या ढेकळांकडे पाहिलं आणि भावाला हाक मारली, "दादा, हे तुज्या बायकांना फोडू दे. मला शाळा हाय."

तिसऱ्या वर्षी मावशी शेवटच्या ओळीतून उठून पहिल्या ओळीत आल्या आणि माझं वर्ष फार दमवून गेलं. दर थोड्या वेळाने हात वर. "बाई, न्हाई समजलं." मी पुन्हा सांगायची. "आता अर्धं समजलं. उरलेलं न्हाई समजलं." मी तिसऱ्या तऱ्हेने सांगायची. कधीकधी मीच फळ्यासमोर अडायची, कारण तिसरी तऱ्हा मला ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवली नव्हती. धुकं वर्गात शिरायचं, फळा दिसेनासा व्हायचा, आणि त्या धुक्यातून आवाज यायचा, "बाई, न्हाई समजलं."

पहिले काही दिवस मुली खुदकल्या. मग एक दिवस मागच्या बाकावरची एक लाजरी मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, मला पण नाही समजलं." तिच्यामागून आणखी एक. असं करता करता त्रैराशिक निम्म्या वर्गाला समजलेलं नव्हतं असं निघालं. मावशी मागे वळून त्या मुलींकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं नवल होतं, जसं काही परगावी अचानक माहेरची माणसं भेटावीत.

त्या वर्षी वर्ग हळू चालला, पण सगळा मिळून चालला. मावशी पाटीवर चुकलेलं गणित आता पुसायच्या नाहीत. तसंच ठेवून, बाजूला दुसऱ्यांदा मांडायच्या, आणि दोन्ही शेजारीशेजारी पाहत बसायच्या. "हितं पाय घसरला," असं स्वतःशी पुटपुटायच्या, निसरड्या वाटेवर खूण करावी तशा.

मावशी पास झाल्या. काठावर, पण सगळ्या विषयांत. मोठ्या बाईंनी निकाल वाचला तेव्हा मावशी म्हणाल्या, "पुन्यांदा बघा. दुसरीच कुनी असंल." मोठ्या बाईंनी पुन्हा पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिल्या. त्या दुपारी शेडमधल्या एका इंजिनाने काही कारण नसताना लांबलचक शिटी दिली. स्टेशनातून चौकशी झाली म्हणतात. नवऱ्याने सांगितलं, तेल घालताना हात लागला.

कुसगावच्या वर्गावर मावशी गेल्या त्या अशा. लोणावळ्याहून रोज चालत जायच्या. मुलींना बोलावून आणणं त्यांनी तिथेही सोडलं नाही. आधी गावभर फिरून मुली गोळा करायच्या, मग शिकवायचं. आणि पहिल्याच आठवड्यापासून ते "चला पोरींनो, चुकूया!" सुरू झालं. आधी प्रत्येकीने आपापल्या मनाने गणित सोडवायचं, चुकायचं, मग सगळ्यांनी मिळून चूक कुठनं आली ते शोधायचं.

एकदा दिपोटी साहेब, म्हणजे शाळातपासनीस, तपासणीला आले. मी तेव्हा मोठ्या बाईंच्या बरोबर तिथे होते. साहेबांनी एक गणित घातलं. मुलींनी धडाधड हात वर केले आणि एकीमागून एक चुकीची उत्तरं दिली. साहेबांचा चेहरा उतरत गेला. ते मावशींकडे वळले.

"बाई, यांना काहीच येत नाही?"

"येतं की साहेब. जरा दम धरा. अजून चुकून व्हायचंय."

साहेब दम धरून बसले. मुलींनी आपसांत भांडून, एकमेकींच्या पाट्या ओढून, शेवटी उत्तर काढलं. ते बरोबर होतं. साहेबांनी आणखी एक घातलं. तेही तसंच निघालं. जाताना ते मोठ्या बाईंना म्हणाले, "पद्धत काही बरोबर नाही." मग जरा थांबून, "पण मुली रडत नाहीत, हे विशेष आहे."

ते विशेष मी एकदा अगदी जवळून पाहिलं. कुसगावची एक मुलगी चौथीत नापास झाली आणि गोठ्यात जाऊन बसली. आईबाप थकले, ती बाहेर येईना. मावशी गेल्या. मी त्या दिवशी सहज कुसगावात आले होते, दाराबाहेर उभी राहिले. मावशी सरळ आत शिरल्या आणि गाईच्या शेजारी, गवतावर, त्या मुलीजवळ बसल्या. गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. गाय रवंथ करत होती.

शेवटी मुलगीच हुंदके देत म्हणाली, "मावशी, मी नापास झाले."

"मंग? म्या दोनदा झालीय. माझ्याम्होरं तू लहानच हायेस."

मुलीने डोळे पुसून वर पाहिलं. "तुमी? दोनदा?"

"व्हय. दुसऱ्या खेपेला तर मी गावच सोडून गेलते. तू निदान गोठ्यात हायेस. घर जवळ हाय." मग त्यांनी मुलीच्या केसांतलं गवत काढलं. "आता सांग. कुटल्या गणिताला पाय घसरला?"

त्या दोघी गोठ्यातच बसून गणित करत राहिल्या. मी हळूच परत फिरले.

पुढे सोनाचं लग्न झालं, मोठ्या बाई निवृत्त झाल्या, आणि दुसरी मोठी लढाई संपत आली त्या सुमारास माझी बदली पुण्याला झाली. मी मावशींचा निरोप घ्यायला गेले तर त्या घरी नव्हत्या. शेजारीण म्हणाली, "दोघंबी मैदानावर गेल्याती. काय करतात कुनास ठाऊक, रोज सांजेला जातात." गाडीची वेळ होत आली होती. मला थांबता आलं नाही.

गाडी स्टेशनातून निघाली. मी खिडकीशी बसले होते. रुळांच्या पलीकडे मोकळं मैदान होतं आणि तिथे उतरत्या उन्हात मला मावशी दिसल्या. लुगड्याचा काष्टा घट्ट ओढून त्या सायकलवर बसल्या होत्या. कुसगावची पायपीट वयाने आता झेपत नसावी. नवरा सायकलचं मागचं कॅरिअर धरून, वाकून, धापा टाकत पळत होता. डोक्याचे केस दोघांचेही पांढरे झाले होते.

मी खिडकीतून हात बाहेर काढून "मावशी!" म्हणून ओरडले. गाडीच्या आवाजात त्यांना ते ऐकू गेलं नाही. नवऱ्याने कॅरिअर सोडलं. सायकल थोडी सरळ गेली, मग डुगडुगली, आणि मावशी धपकन गवतात आडव्या झाल्या. नवरा कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मावशी उठून बसल्या, लुगड्याचं गवत झटकलं आणि सायकलचं हँडल धरून तिला उभी केली.

त्यानंतर डोंगर आड आला. मावशींचं मला झालेलं ते शेवटचं दर्शन.